गुडघ्यांच्या व्यायामाचे अ‍ॅप: बारा आठवड्यांच्या वापरानंतर

दोन्ही गुडघ्यांत दुसऱ्या श्रेणीची झीज असल्याचे एक्स-रेमध्ये दिसल्यावर डॉक्टरांनी गोळ्यांपेक्षा व्यायामावर भर दिला. फिजिओथेरपी केंद्र नेमके दुसऱ्या मजल्यावर, तेही लिफ्टविना. म्हणून वर्षाची वर्गणी भरून मी एक अ‍ॅप घेतले. त्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण याच धर्तीची आणखी दोन अ‍ॅप चाळली तेव्हा गुणदोष थोड्याफार फरकाने तेच आढळले.

व्यायामांची निवड चोख आहे. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबणे, पाय सरळ ठेवून उचलणे, हात न टेकता खुर्चीवरून उठणे आणि पाचव्या आठवड्यापासून पायरीची चढउतार, असा क्रम आहे. मांडीच्या पुढच्या स्नायूंत बळ आले की सांध्याला आधार मिळतो, हे तत्त्व त्यामागे आहे. रोज सकाळी आठवण येते आणि व्यायामानंतर ० ते १० या मापावर वेदना नोंदवायची असते. ५ पर्यंतची वेदना चालते, मात्र ती चोवीस तासांत पूर्ववत व्हायला हवी, हा नियम वाचल्यावर दुखले की थांबायचे ही माझी जुनी भीती गेली. वर्गणी वसूल झाली ती इथेच.

डेन्मार्कमध्ये २०१३ साली सुरू झालेल्या, गुडघे आणि खुब्यांची झीज झालेल्यांसाठीच्या ‘ग्लॅड’ या व्यायाम उपक्रमातही वेदनेचा असाच नियम पाळतात; परंतु तेथे सहा आठवड्यांत बारा वेळा फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम होतो, आणि अ‍ॅपमध्ये नेमकी तीच नजर नसते. खुर्चीवरून उठताना माझा उजवा गुडघा आत वळत होता. अ‍ॅप मात्र महिनाभर ‘१० पैकी १०, उत्तम!’ म्हणत राहिले. शेवटी जिने चढून फिजिओथेरपिस्टकडे गेलो, तेव्हा त्यांनी दुसऱ्याच उठण्याला चूक दाखवली आणि पावले किती अंतरावर ठेवायची ते शिकवले.

बरेच व्यायाम जमिनीवर आडवे होऊन करायचे आहेत. ज्याला खाली बसल्यावर उठताच येत नाही, त्याने काय करावे, हे कोठेही सांगितलेले नाही. मी कडक दिवाणावर चटई टाकून निभावले. मराठीचा पर्याय आहे, पण ‘पाय लांब करा’ऐवजी तेथे ‘पाय वाढवा’ अशी सूचना येते.

तीस सेकंदांत मी पूर्वी ८ वेळा खुर्चीवरून उठत असे, आता १२ वेळा उठतो. जिना उतरताना अजून दुखते आणि मांडी घालून बसणे जमत नाही. तसे वचन अ‍ॅपनेही दिले नव्हते. वर्ष संपल्यावर वर्गणी महिन्यापुरतीच भरेन आणि वाचलेल्या पैशांतून दर सहा आठवड्यांनी एकदा ते दोन जिने चढेन.