टेली-मानस (१४४१६): पूर ओसरल्यावर किती कामाची?

चिपळूणमध्ये २२ जुलै २०२१ला पूर आला तेव्हा मानसिक आरोग्यासाठीची ही सरकारी हेल्पलाइन नव्हती. ती १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली. फुकट, चोवीस तास, मराठीतही.

भाषा निवडली की प्रशिक्षित समुपदेशक बोलतो आणि गरज वाटली तर तज्ज्ञाकडे जोडून देतो. ‘टेन्शन आहे’ एवढ्यावर थांबू नका. झोप किती तास लागते, पावसाचा आवाज वाढला की छातीत धडधडतं का, नदीकडे जाणं टाळता का, हे किती आठवडे चाललंय, ते सांगा. महिना उलटूनही तसंच असेल तर तपासणी हवीच. सगळी हकीकत पहिल्याच फोनवर उगाळायची गरज नाही. बळेच बोलतं केल्यानं त्रास वाढूही शकतो.

उणीव उघड आहे: ऐन पुरात टॉवर बंद, मोबाइल डिस्चार्ज. खरा उपयोग चिखल उपसून, पंचनामे आटोपल्यावर. (तेव्हाच तर माणूस खचतो.) नातेवाइकांच्या भरल्या घरात मोकळं बोलता येत नाही, त्यावर मात्र हेल्पलाइनकडे इलाज नाही. पुन्हा अंथरूण ओलं करू लागलेल्या मुलासाठी पालकांनीच फोन करावा. झोपेच्या गोळ्या परस्पर मेडिकलमधून आणू नयेत.