आयएसओचा फलक, बोलक्या भिंती आणि मधले दोन तास : अंगणवाडीच्या सेवेचे परीक्षण

अंगणवाडीच्या दारावर आयएसओचा फलक दिसला की भेटीला आलेले पाहुणे निम्मी तपासणी तिथेच उरकतात. उरलेली निम्मी भिंतीवरचे रंगीत हत्ती आणि बाराखडी बघून होते. पण आयएसओ ९००१ हे व्यवस्थापनाचे मानक आहे. कामाची पद्धत ठरलेली आहे का, नोंदी जागेवर आहेत का, एवढेच ते बघते. चार वर्षांच्या मुलाशी दिवसभरात कोण किती बोलले, हे त्यात कुठे येत नाही. त्यामुळे फलक आणि रंग बाजूला ठेवून मुख्यतः ३ ते ६ वयोगटाला प्रत्यक्षात काय मिळते ते इथे पाहिले आहे.

मोजपट्टी नवी शोधायची गरज नाही. २०१३ च्या राष्ट्रीय बालशिक्षण धोरणाने किमान अटी घालून दिल्या आहेत : रोज ३ ते ४ तासांचा कार्यक्रम, ३० मुलांमागे ३५ चौरस मीटरची खोली आणि ३० चौरस मीटर मोकळी जागा, पिण्याचे सुरक्षित पाणी, स्वच्छतागृह, मातृभाषेतून शिकवणे आणि २० मुलांमागे एक मोठे माणूस. जागेच्या अटीत शहरातली भाड्याची खोली पहिल्या फेरीतच बाद होते. दहा बाय बाराची खोली म्हणजे जेमतेम ११ चौरस मीटर, त्यातही एका कोपऱ्यात धान्याची पोती. ग्रामीण भागातल्या स्वतःच्या इमारती या बाबतीत पुष्कळ बऱ्या.

वीसास एक हे प्रमाण कागदावर जमते, कारण सेविका आणि मदतनीस मिळून दोघी होतात. पण मदतनीस ताई मुलांना घरून आणणार, पाणी भरणार, आहार केंद्रातच शिजत असेल तर चुलीपाशी थांबणार. म्हणजे पट तीसचा असेल तर शिकवण्याच्या वेळेत तीस मुले एकट्या सेविकेच्या अंगावर, आणि त्यांत तीन वर्षांचे रडणारे अन् सहाला टेकलेले दोन्ही. बहुतेक केंद्रांत शिक्षण ढेपाळते ते इथे. सेविकेला येत नाही म्हणून नव्हे.

२०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘पोषण भी पढाई भी’ कार्यक्रमात रोज किमान दोन तास बालशिक्षणाचे ठरले. त्यापाठोपाठ आलेल्या ‘आधारशिला’ अभ्यासक्रमात ४८ आठवड्यांची आखणी आहे. पहिले चार आठवडे नुसते रुळण्याचे, खेळाचे. आखणी चांगली आहे आणि महागडे साहित्य मागत नाही. पुठ्ठा, चिंध्या, बिया, माती, बाटल्यांची झाकणे यांवर बरेचसे भागते. कडधान्ये निवडण्याचा साधा खेळ घ्या. ताटात राजमा, चवळी आणि वाटाणा मिसळून दिला. मुलाने तीन वाट्या भरल्या. ‘शाब्बास’ म्हणून ताट उचलले तर बोटांचा व्यायाम तेवढा झाला. पण ताईंनी विचारले, “हे दोन एकत्र का ठेवलेस रे?” आणि पोरगा म्हणाला, “हे गोल गोल लोळतात,” तर तिथे वर्गीकरण, भाषा आणि कारण सांगणे तिन्ही झाले. प्रश्न विचारल्यावर उत्तराची पाच सेकंद वाट पाहणारी ताई ज्या केंद्रात आहे, ते केंद्र वरच्या रांगेत बसवावे.

उलट टोकाला साडेतीन वर्षांच्या मुलाच्या हातात पाटी देऊन ‘अ’ गिरवून घेणे. यात पालकांचाही हट्ट असतो, शेजारच्या इंग्लिश नर्सरीतली पोरे लिहितात म्हणून. बोटांत ताकद येते ती मणी ओवून, कागद फाडून, माती मळून. त्याआधी पेन्सिल दिली की मूल ती मुठीत धरते आणि ती सवय पुढे मोडणे अवघड जाते. मेळघाटात किंवा नंदुरबारकडे घरी कोरकू, भिली बोलणाऱ्या मुलांशी पहिल्या दिवसापासून पुस्तकी मराठीत बोलले, तर महिनाभर मूल गप्प बसून राहते. ‘अंगणवाडी’ हा शब्द जिथे घडला त्या बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बोर्डी-कोसबाडच्या कामात केंद्र मुलांच्या अंगणात जात असे. आता पोर केंद्रात येते, पण त्याची भाषा दाराबाहेर राहते.

आहाराचे मानक आकड्यांत आहे म्हणून तपासायला सोपे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात या वयासाठी नाष्टा आणि गरम जेवण मिळून ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने धरली होती. खिचडीत मुलामागे ५० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम मूगडाळ, ५ ग्रॅम तेल. नाष्ट्याला ३० ग्रॅम फुटाणे, १५ ग्रॅम गूळ, १० ग्रॅम शेंगदाणे, एवढे घातले तर हिशेब जुळतो. वीस मुलांना एक किलो तांदूळ, ४०० ग्रॅम डाळ, १०० ग्रॅम तेल. गफलत होते ती तेलात आणि पाण्यात. तेल निम्मे केले की प्रत्येक ताटातले २०-२२ उष्मांक गेले. पाणी वाढवले की पातेले भरलेले दिसते, लहान पोट दोन डावांत भरते आणि मूल उठते. खिचडी पळीतून घसरत पडावी, ओघळू नये.

वजन-उंचीची साधने बहुतेक ठिकाणी पोहोचली आहेत, चुका वापरात आहेत. वजनकाटा फरशीवर, सपाट जागी हवा, सतरंजीवर नको. चप्पल काढलेली, काटा शून्यावर. दोन वर्षांखालचे मूल आडवे मोजायचे, त्यावरचे उभे. पद्धत उलटी झाली तर ०.७ सेंटीमीटरचा फरक पडतो : लहान मूल उभे मोजले तर तेवढे मिळवायचे, मोठे आडवे मोजले तर वजा करायचे. आडवे मोजायला दोन माणसे लागतातच. एकटीने मोजले की गुडघा वाकतो आणि लांबी कमी भरते. मग मूल खुजे असल्याची नोंद होते, ते एक. पण कमी लांबीला तेच वजन भरपूर दिसते आणि तीव्र कुपोषित बालक यादीतून निसटते, हा धोका मोठा. शंका आली तर दंडाची पट्टी लावावी. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर ११.५ सेंटीमीटरहून कमी असेल तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात पाठवावे.

पोषण ट्रॅकर, म्हणजे केंद्राच्या नोंदींचे सरकारी मोबाइल अ‍ॅप, त्याबद्दल थोडक्यात. २०२१ पासून रजिस्टरांचे ओझे यामुळे हलके झाले, हे खरे. पण लाभार्थीचा चेहरा जुळवणे, नेटवर्क शोधणे यात वेळ जातो, आणि तो जातो त्याच दोन तासांतून.

आमचा कौल : लसीकरणाची आठवण, वाढीची नोंद, गरम जेवण आणि घराजवळ असणे, इतके सगळे कुठलीही खासगी नर्सरी देत नाही. शिक्षणाचा भाग मात्र केंद्रागणिक बदलतो, म्हणून पालकांनी जाऊन बघावे. न कळवता, नाष्टा झाल्यावर जावे. खेळणी कपाटात कुलपात आहेत की मुलांच्या हाताला येतील अशी? कोरी करकरीत, प्लास्टिकही न काढलेली दिसली तर समजून जावे. ठोकळ्यांचे रंग उडालेले असले तर पोराचे नाव घालून यावे.