कॅनडाचा पासपोर्ट आला, नोकरी अमेरिकेत: टीएन घ्यायचा की एच-वन-बी मागायचा?

मावसभावाला मध्यंतरी कॅनडाचं नागरिकत्व मिळालं, पासपोर्ट आला आणि पंधरा दिवसांत डॅलसच्या एका कंपनीची ऑफरपण आली. मग काय, रोज रात्री जेवण झालं की ब्रॅम्प्टनहून फोन, दादा टीएन घेऊ का एच-वन-बी मागू (दोन्ही अमेरिकेत नोकरी करायचे परवाने). मी स्वतः मिसिसागाहून टीएनवर गेलो, सहा वर्षं त्यावर काढली आणि मग एच-वन-बीवर आलो, म्हणजे दोन्ही घाटांचं पाणी पिऊन झालंय. त्याला तुकड्यातुकड्यात जे सांगितलं ते एकत्र लिहून काढतोय, कारण आपल्याकडे हा प्रश्न आता घरोघरी आहे.

सगळ्यात आधी, टीएन हा फक्त कॅनडा आणि मेक्सिकोच्या नागरिकांसाठी. पीआर, म्हणजे नागरिक न होता कायमचं राहायचा परवाना, चालत नाही. दर वेळी कोणीतरी विचारतंच की पीआर आहे, ओळखपण आहे, काही होईल का, तर नाही होणार. पाच वर्षांत १०९५ दिवस कॅनडात प्रत्यक्ष राहून नागरिक व्हायचं, भारतीय पासपोर्ट परत करायचा, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) काढायचं, मग पुढचं बोलायचं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एच-वन-बीवाल्यांसाठी कॅनडाने १०,००० ओपन वर्क परमिट काढली होती, ती दोन दिवसांत संपली, त्यात आलेल्यांपैकी कोणाला परत अमेरिकेत जायचं असेल तर त्यांनापण हीच अट.

टीएन आला अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोच्या नाफ्टा या व्यापार करारातून, तो १ जानेवारी १९९४ ला लागू झाला. १ जुलै २०२० पासून त्याच्या जागी यूएसएमसीए आला, नाव बदललं पण टीएनचा भाग जवळजवळ तसाच राहिला. करारात साठेक पेशांची यादी आहे, त्यात तुमचं काम बसलं, शिक्षण बसलं आणि अमेरिकेतल्या कंपनीचं पत्र असलं की झालं. कोटा नाही, लॉटरी नाही, कंपनीला पगाराचं सरकारी सर्टिफिकेशन वगैरे करावं लागत नाही. कॅनडाच्या नागरिकाला तर आधी व्हिसाचा शिक्कापण लागत नाही, कागद घेऊन थेट बॉर्डरवर किंवा टोरांटोच्या पिअर्सन एअरपोर्टवरच्या अमेरिकन प्रीक्लिअरन्सला (अमेरिकेची तपासणी कॅनडातच होते तिथे) जायचं, ५० डॉलर फी, रस्त्याने गेलात तर वर आय-९४ चे, म्हणजे प्रवेशाच्या नोंदीचे पैसे, आणि सगळं नीट असेल तर तासा-दोन तासांत तीन वर्षांपर्यंतचा टीएन. मेक्सिकोवाल्यांना एवढं सोपं नाही, त्यांना कॉन्सुलेटची अपॉइंटमेंट, इंटरव्ह्यू, पासपोर्टवर शिक्का हे सगळं करावं लागतं, आणि २००३ पर्यंत तर त्यांना वर्षाला ५,५०० चा कोटापण होता. माझ्या टीममध्ये एक मेक्सिकन मुलगी होती, ती मला म्हणायची, तुझा टीएन आणि माझा टीएन नावाचेच भाऊ.

आता एच-वन-बी. वर्षाला ६५,००० अधिक अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी २०,०००. मार्चमध्ये कंपनीने रजिस्ट्रेशन करायचं (त्याची फी पूर्वी १० डॉलर होती, आता २१५), नंबर लागला तर पूर्ण अर्ज, आणि काम सुरू १ ऑक्टोबरला. युनिव्हर्सिटी किंवा ना-नफा रिसर्च संस्थेत नोकरी असेल तर हा कोटा लागत नाही, पण ते सगळ्यांच्या नशिबी कुठे. लोक याला भिशी म्हणतात ते मला पटत नाही, भिशीत निदान कधीतरी आपला नंबर लागतोच.

त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये एक लाख डॉलरची घोषणा झाली. अमेरिकेच्या बाहेर असलेल्या माणसासाठी नवीन एच-वन-बी अर्ज केला तर कंपनीने एवढे पैसे भरायचे. टोरांटोत बसलेल्या माणसासाठी किती कंपन्या हे भरतील तुम्हीच सांगा. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये इमिग्रेशन खात्याने स्पष्ट केलं की माणूस आधीच अमेरिकेत वैध स्टेटसवर असेल आणि आतूनच स्टेटस बदलून मागत असेल तर ही फी लागत नाही. म्हणजे टीएनवर आत जायचं आणि आतून एच-वन-बीच्या लॉटरीत नाव टाकायचं, हा रस्ता पूर्वी सोयीचा होता, या घोषणेनंतर तो जवळजवळ एकमेव झाला. फक्त स्टेटस बदलाचा अर्ज चालू असताना देशाबाहेर जायचं नाही, गणपतीला चार दिवस पुण्याला जाऊन येतो म्हणालात की तो स्टेटस बदल सोडून दिला असं धरतात आणि मग त्या एक लाखाचा प्रश्न परत उभा राहतो. या गोष्टी महिन्या-महिन्याला बदलतायत, त्यामुळे सही करायच्या दिवशी वकिलाकडून ताजं काय ते विचारून घ्या.

एवढं ऐकून भाऊ म्हणाला मग विषयच संपला की, टीएन. मी म्हटलं थांब. टीएन म्हणजे आज रोख आहे, पण त्या रोखीत काय मिळतं ते बघ.

पहिली गोष्ट यादी. सॉफ्टवेअरवाल्यांची सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. यादीत कम्प्युटर सिस्टिम्स अ‍ॅनालिस्ट आहे, इंजिनिअर आहे, प्रोग्रामर नाही. पत्रात दिवसभर कोडिंग करणार असं लिहिलं की ऑफिसर म्हणतो हा प्रोग्रामर झाला. इंजिनिअर म्हणून जायचं तर डिग्री इंजिनिअरिंगची पाहिजे, नुसत्या कम्प्युटर सायन्सच्या डिग्रीवर इंजिनिअर म्हणून मागितलं तर आता जास्त खोलात विचारतात. एमसीए, बीसीएसवाल्यांनी अ‍ॅनालिस्टच बघावं, आणि काम खरंच अ‍ॅनालिस्टचं असेल तरच, पत्रात एक आणि प्रत्यक्षात दुसरं हा खेळ करू नका. मेकॅनिकलची बीई करून पंधरा वर्षं जावा लिहिणारे आपल्यात ढिगाने आहेत, त्यांची खरी पंचाईत, डिग्री एकीकडे, काम दुसरीकडे. भारतातली डिग्री चालते पण तिचं मूल्यांकन करून घ्या, तीन वर्षांची बीकॉम असेल तर ते फार महत्त्वाचं. अकाउंटंटला मात्र पळवाट नाही, सरळ वाट आहे, कॅनडाचं सीपीए, म्हणजे तिथलं सीए, असेल तर डिग्रीवरून घोळ घालायची गरज नाही. आणि डिप्लोमावाल्यांनो, अ‍ॅनालिस्टला डिप्लोमा आणि तीन वर्षांचा अनुभव चालतो हे खरं, पण करारातल्या व्याख्येप्रमाणे तो डिप्लोमा कॅनडा किंवा अमेरिकेतला लागतो. आपल्या पॉलिटेक्निकचा नाही. हे वाचून मित्राचं तोंड पडलेलं मी पाहिलंय.

दुसरी गोष्ट पत्र. माझ्या पहिल्या वेळी कंपनीच्या एचआरने नेहमीचं ऑफर लेटर दिलं, त्यात मोठ्या कौतुकाने लिहिलेलं, परमनंट पोझिशन. टीएन हा तात्पुरता स्टेटस. बॉर्डरच्या पुलावरून परत पाठवलं, जानेवारीचा बर्फ, गाडीत मागे दोन सुटकेस, घरी आईला काय सांगायचं कळेना. ऑफिसर बिचारा नीट बोलला, म्हणाला पत्र दुरुस्त करून आण. आठवड्याने तेच कागद, एक शब्द बदललेला, वीस मिनिटांत काम झालं. म्हणून पत्रात पेशाचं नाव यादीतलंच, काम काय, किती वर्षांसाठी, पगार किती, शिक्षण काय, एवढं स्वच्छ पाहिजे आणि ते तुम्ही स्वतः वाचा, एचआरवर सोडू नका. पुलावर उभं राहायचं नसेल तर कंपनी आधी इमिग्रेशन खात्याकडे अर्ज करून मंजुरी आणू शकते, खर्च जास्त पण डोक्याला ताप कमी.

तिसरी गोष्ट बायको, किंवा नवरा. टीएनच्या जोडीदाराला टीडी मिळतो, त्यावर शिकता येतं, नोकरी अजिबात करता येत नाही, कधीच नाही. एच-वन-बीच्या जोडीदाराला एच-फोर मिळतो, तिथेपण सुरुवातीला हात बांधलेलेच, पण २०१५ पासून नियम असा की एच-वन-बीवाल्याचं आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने भरलेला अर्ज) मंजूर झालं की एच-फोरवाल्याला वर्क परमिट मागता येतं. आणि जोडीदार अजून भारतीय पासपोर्टवर, पीआरवर असेल तर तिला टीडीसाठी कॉन्सुलेटमधून व्हिसा काढावा लागतो, नवऱ्यासारखं नुसतं चालत जाता येत नाही. तिचा पीआर त्यामुळे बुडत नाही, नागरिक जोडीदाराबरोबर बाहेर राहिलेले दिवस पीआर टिकवायला धरतात, पण नागरिकत्वासाठी धरत नाहीत. म्हणजे तिचे हजार दिवस भरत आले असतील तर आधी ते भरू द्या आणि मग निघा, तीन महिन्यांच्या घाईसाठी पासपोर्ट दोन-चार वर्षं लांबवलेली जोडपी मला माहीत आहेत.

आणि चौथी गोष्ट, जिच्यामुळे मी स्वतः टीएन सोडला. ग्रीन कार्ड. आपल्याला वाटतं कॅनडाचा पासपोर्ट आहे म्हणजे भारताच्या रांगेतून सुटलो. नाही सुटलो. रांग पासपोर्टवर नाही, जन्मदेशावर लागते. साताऱ्यात जन्मलात तर मेपल लीफवाला पासपोर्ट घेऊनपण भारताच्याच रांगेत, आणि एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे ईबी-२, ईबी-३ या नोकरीवरच्या ग्रीन कार्डच्या गटांमध्ये ती रांग दहा वर्षांहून लांब आहे. एक सूट आहे, जोडीदाराचा जन्म दुसऱ्या देशातला असेल तर त्या देशाची रांग धरता येते. आपल्याकडे मस्कत, कुवेत, दुबईला जन्मलेली माणसं कमी नाहीत, सासऱ्यांनी गल्फमध्ये नोकरी केली त्याचा फायदा जावयाला तीस वर्षांनी होतो तो असा. मुलं कॅनडात जन्मली त्याचा मात्र इथे काही उपयोग नाही.

आता हे टीएनबरोबर जुळवून बघा. टीएनला वर्षांची मर्यादा नाही, तीन-तीन वर्षांनी कितीही वेळा वाढवा, पण प्रत्येक वेळी तुमचा इरादा तात्पुरता राहायचा आहे हे समोरच्याला पटलं पाहिजे. ग्रीन कार्डचा अर्ज सुरू केला म्हणून टीएन आपोआप नाकारतात असं नाही, पण फाइलमध्ये आय-१४० दिसतंय आणि तुम्ही म्हणताय मी परत जाणार, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. रांग वर्षा-दोन वर्षांची असती तर एखाद्या रिन्युअलपुरतं धकलं असतं, दहा-बारा वर्षं कसं धकवणार. एच-वन-बीला हा प्रश्नच नाही, तिथे कायमचं राहायचा इरादा असला तरी चालतो, मर्यादा सहा वर्षांची पण आय-१४० मंजूर असेल आणि रांगेमुळे नंबर आला नसेल तर पुढेपण वाढत राहतो. टीएनवर काढलेली वर्षं त्या सहात मोजत नाहीत हा बोनस.

आणखी एक, पूर्वी अमेरिकेत एच-वन-बीवर होतात आणि कंटाळून कॅनडात आलात, अशांनी जुनी फाइल उघडून बघा. एकदा कोट्यात मोजले गेला असाल आणि सहातली वर्षं शिल्लक असतील तर परत लॉटरी लागत नाही. जुनं आय-१४० मंजूर झालेलं असेल तर त्याची तारीख सहसा तुमचीच राहते, रांगेत तुम्ही तिथेच उभे आहात. लोक हे विसरून नव्याने सुरुवात करतात.

नोकरी गेली तर दोन्हीकडे साठ दिवसांपर्यंत मुदत. नोकरी बदलताना एच-वन-बीवर नवीन कंपनीने अर्ज दाखल केला की काम सुरू करता येतं, टीएनवर नवा टीएन हातात येईपर्यंत नाही, पण तो हातात यायला बॉर्डरची एक चक्कर पुरते त्यामुळे फार फरक पडत नाही. स्वतःचा धंदा, फ्रीलान्सिंग टीएनवर विसरा. आणि टीएन उभा आहे एका करारावर, त्या कराराचा संयुक्त आढावा १ जुलै २०२६ ला घ्यायचा हे करारातच लिहिलेलं, सहा महिन्यांची नोटीस देऊन कोणताही देश बाहेर पडू शकतो. मी त्याची फार धास्ती घेत नाही, एच-वन-बीचे नियम तरी कुठे स्थिर आहेत.

मग कोणी काय घ्यावं? एकटे असाल, दोन-चार वर्षं डॉलर कमवून परत मिसिसागाला यायचं असेल तर टीएन, डोळे मिटून. विंडसरला राहून रोज डेट्रॉइटच्या हॉस्पिटलला जाणाऱ्या नर्सेस आहेत, त्यांना टीएनपेक्षा चांगलं काय असणार. जोडीदाराचा जन्म भारताबाहेरचा असेल तर टीएनवर जा आणि ग्रीन कार्डचा क्रम वकिलाबरोबर नीट बसवा. दोघं भारतात जन्मलेले, मुलं शाळेत, आणि मनात कायमचं अमेरिकाच असेल तर टीएन ही फक्त पायरी, ऑफर स्वीकारतानाच कंपनीकडून लेखी घ्या की पहिल्या मार्चपासून दरवर्षी एच-वन-बीचं रजिस्ट्रेशन करणार. नंतर मागितलं तर मॅनेजर बदललेला असतो.

भाऊ तिसऱ्या प्रकारातला. कंपनीने रजिस्ट्रेशनचं ईमेलवर कबूल केलंय, तो टीएनवर जातोय. त्याची बायको फिजिओ आहे, तिलाही नागरिकत्व मिळालंय आणि फिजिओथेरपिस्ट यादीत आहे, म्हणजे तिला टीडीवर घरी बसायची गरज नाही, स्वतःचा टीएन काढता येईल. त्यासाठी टेक्सासचं लायसन्स आणि आरोग्यसेवेतल्या लोकांना लागणारं व्हिसास्क्रीन सर्टिफिकेट पाहिजे, आणि त्याला मार्कशीट कॉलेजकडूनच थेट जावी लागते, आपण झेरॉक्स पाठवून चालत नाही. तिचे वडील उद्या सकाळी कॉलेजच्या ऑफिसला जाणार आहेत, अकराच्या आत पोचा असं मी सांगितलंय.