ठकीसाठी घेतलेलं फेरोमोन मशीन : साडेपाच महिने वापरल्यावर

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सकाळी हॉलमध्ये आले तर स्विचबोर्डाखालच्या भिंतीवरून तेलाचा ओघळ पार फरशीपर्यंत उतरलेला. आमच्या कुत्रीला, ठकीला, शांत ठेवण्यासाठी घेतलेलं फेरोमोनचं मशीन सॉकेटातून पुढे लोंबलेलं, बाटली तिरकी झालेली, आणि सहाच दिवसांपूर्वी लावलेली 1,900 रुपयांची रिफिल निम्मी रिकामी. ठकी त्या ओल्या फरशीपासून चार हात लांब बसून माझ्याकडे बघत होती. हिने हे चाटलं तर नसेल, या विचाराने माझे हातपाय गार पडले. आधी डॉक्टरांना फोन केला, मग भिंत पुसायला घेतली. ठकीला काही झालं नाही. पण त्या दिवशी ठरवलं की या मशीनबद्दल सविस्तर लिहायचं.

आमची ठकी देशी, सहा वर्षांची. नाशिकला पंचवटीतल्या जुन्या घरात वाढलेली. तळमजला, पुढे अंगण, खाली शहाबादी फरशी, पहाटे देवळांच्या घंटा, संध्याकाळी गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, चक्कर. जूनमध्ये, मृगाच्या तोंडावर आम्ही पाथर्डी फाट्याला सातव्या मजल्यावर राहायला आलो. सासूबाई दिरांकडे पंचवटीतच राहिल्या. आणि ठकी आयुष्यात पहिल्यांदा सकाळी साडेनऊ ते दुपारी दोन एकटी राहू लागली. तिच्यासाठी घर बदललं नाही, सगळंच बदललं. हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

पहिली चूक वास्तुशांतीची. राहायला आल्याच्या दुसऱ्याच दिवशी घरात साठ माणसं, होमाचा धूर, भटजींचा माइक, आणि ठकी बाथरूममध्ये कोंडलेली. दार उघडलं तेव्हा ती कमोडच्या मागे अंग चोरून बसली होती. त्यानंतर दोन दिवस तिने अन्नाला तोंड लावलं नाही. दहीभातसुद्धा नाही. जांभया देत राहायची, ओठ चाटत राहायची, रात्री हॉल ते बेडरूम येरझाऱ्या. जांभई म्हणजे झोप आली असं मी समजत होते. कुत्र्यांमध्ये वारंवार जांभया येणं, ओठ चाटणं, गरम होत नसताना धापा टाकणं ही ताणाची खूण असते, हे डॉक्टरांनी सांगितलं. तिसऱ्या दिवसापासून ती घरात शू करू लागली, तेव्हा त्यांनी आधी लघवी तपासायला लावली, पाय आणि कंबर दाबून पाहिली. वागणं बिघडलं म्हणून लगेच मनाचं दुखणं म्हणायचं नाही, आधी शरीराचं दुखणं नाही ना हे बघायचं, असं त्यांचं म्हणणं. मला ते फार पटलं. रिपोर्ट स्वच्छ आला.

आम्ही घराबाहेर पडलो की ठकी रडते हे शेजाऱ्यांकडून कळलं. सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार आली, वर कुत्रं लिफ्टमध्ये आणू नका अशी सूचनाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची 2015 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत : सोसायटीला बहुमताने ठराव करूनही कुत्रं पाळायला बंदी घालता येत नाही, आणि लिफ्टही नाकारता येत नाही. ती प्रिंट काढून चेअरमनसाहेबांच्या हातात दिली, तो विषय तिथे संपला. पण रडणं खरंच होतं. 1,800 रुपयांचा कॅमेरा लावला आणि पहिल्या दिवशी ऑफिसात बसून पाहिलं. दार लागल्यापासून 41 मिनिटं ती दारापाशी उभी राहून ओरडत होती, दाराला नखं मारत होती. मला पुढचं काम सुचेना.

जुलैत हे मशीन घेतलं. रिफिलसकट 2,900 रुपये. ते काय असतं ते सांगते : व्यायलेल्या कुत्रीच्या स्तनांमधल्या कातडीतून पिल्लांना शांत करणारा एक वास (फेरोमोन) स्रवतो, त्याची कृत्रिम नक्कल तेलात घालून बाटलीत भरलेली असते. मशीन ते गरम करून हवेत सोडतं. आपल्याला वास येत नाही. झोपेचं औषध नाही, त्यामुळे कुत्रं सुस्त होत नाही. एक रिफिल साधारण 30 दिवस, आणि मशीन दिवसरात्र चालू ठेवायचं. 5 वॅटचं आहे, म्हणजे महिन्याला साडेतीन युनिटांच्या आसपास. विजेचा खर्च किरकोळ. खोक्यावर 50 ते 70 चौरस मीटर लिहिलंय, आमच्या घराचा कार्पेट एरिया 640 चौरस फूट, म्हणजे साठेक चौरस मीटर, हिशेबात बसतो. पण मध्ये भिंती आहेत. कुत्रं जिथे जास्त वेळ असतं त्याच खोलीत लावायचं, सोफ्यामागे, पडद्याआड किंवा फळीखाली लावायचं नाही.

आता त्या प्लगबद्दल, कारण माझा सगळा राग तिथे आहे.

मशीन बाहेरच्या देशातून आलेलं, त्याला दोन बारीक गोल पिना. आपल्या घरातल्या सॉकेटांची भोकं त्याहून मोठी. त्यात आमच्या नव्या फ्लॅटमध्ये बिल्डरने सगळीकडे सहा आणि सोळा अँपिअरचे एकत्र सॉकेट बसवलेत, त्यांची पकड आणखी ढिली. तेलाने भरलेली बाटली मशीनच्या खालच्या बाजूला पुढे लटकते. दोन-तीन दिवसांत तिच्या वजनाने मशीन पुढे झुकतं, पिना अर्ध्या बाहेर येतात, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही, कारण दिवा लागलेलाच असतो. झुकलं की वात नीट भिजत नाही, म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले ते हवेत जातच नाही. आणखी झुकलं की गळतं. ढिल्या पिनेपाशी ठिणगी पडून सॉकेट काळा होतो तो वेगळाच. तेलाच्या बाटलीशेजारी ठिणगी! आमच्या सॉकेटाच्या डाव्या भोकाभोवती अजून काळं वर्तुळ आहे.

स्वयंपाकघरात शंभर रुपयांच्या आतलं डासांचं मशीन आहे. तेच काम करतं : बाटली, वात, हीटर. त्याचा प्लग फिरवता येतो, आपल्या सॉकेटात घट्ट बसतो, सॉकेट आडवा असला तरी बाटली उभी राहते. जे डासांसाठी शंभर रुपयांत जमतं ते कुत्र्यांसाठी 2,900 मध्ये जमू नये याचा मला मनापासून राग येतो. भारतात विकायचं असेल तर भारतातल्या भिंती बघून बनवा. (फेरोमोनची बाटली डासांच्या मशीनला लावून पाहू नका. तोंड जमत नाही, आणि दोन्हींचं तापमान सारखं असेलच असं नाही.)

कस्टमर केअरला फोन केला तर उत्तर मिळालं, मशीन उभं नव्हतं म्हणून गळलं, हे वॉरंटीत बसत नाही. उभं राहत नाही हीच तर माझी तक्रार होती. सहा फोन, चार मेल, भिंतीचे, पिनांचे, सॉकेटाचे फोटो. पिनेशेजारी मोजपट्टी धरून काढलेला फोटोही पाठवला. शेवटी एक रिफिल फुकट मिळाली, मशीन बदलून मिळालं नाही. या सगळ्यात 19 दिवस गेले, आणि ते 19 दिवस मशीन बंद होतं.

इथपर्यंतचं मी सप्टेंबरअखेर लिहून ठेवलं होतं, आणि खाली निकाल लिहिला होता : घेऊ नका, पैसे पाण्यात. तो निकाल आज मी तसाच ठेवत नाही.

कारण असं. कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगवरून मी रोज वहीत लिहीत होते, दार लागल्यापासून ठकी किती मिनिटं रडते. पहिल्या आठवड्यात 41 च्या आसपास. जुलैत मशीन लावल्यावर 35. ऑगस्टअखेर 8. मशीन बंद असलेल्या 19 दिवसांत 7 ते 9, म्हणजे जराही वाढ नाही. याचा सरळ अर्थ मी लावला की फरक मशीनने पडलेला नव्हता. मग कशाने? ऑगस्टमध्ये आम्ही तीन गोष्टी केल्या होत्या.

पहिली, फरशी. नव्या घरातल्या टाइल्स चकचकीत. कॅमेऱ्यात एकदा नीट पाहिलं, ठकी उठून दाराकडे धावताना तिचे मागचे पाय फाकायचे, नखं टकटक वाजायची आणि ती मध्येच थांबून थरथरत उभी राहायची. शहाबादीवर वाढलेल्या कुत्रीला घरातली जमीनच पायाखालून सरकते असं रोज वाटत असणार. 350 रुपयांच्या सहा योगा मॅट आणल्या, एकीला एक लावून बेडरूमपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत वाट केली. त्याच संध्याकाळी ती त्या वाटेवर आडवी झाली, चारही पाय पसरून. जूननंतर पहिल्यांदा.

दुसरी, सासूबाईंचं पातळ. शिफ्टिंगच्या वेळी मी ठकीचं जुनं अंथरूण फेकून दिलं होतं, नव्या घरात कशाला म्हणून. त्याची खंत मला अजून आहे. ओळखीचा वास असलेली ती एकच वस्तू होती. सासूबाई भेटायला आल्या तेव्हा आठ दिवस नेसलेलं सुती पातळ न धुता घेऊन आल्या. "ठके, ये गं, हे घे," म्हणून त्यांनी ते कोपऱ्यात अंथरलं. ठकीने नाक खुपसलं, तीन वेळा गोल फिरली आणि बसली. आता दर पंधरा दिवसांनी पातळ बदललं जातं. मुलगी पंचवटीला जाते आणि पिशवीत घालून आणते.

तिसरी, दाराचा सराव. हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. किल्ल्या हातात घ्यायच्या आणि परत ठेवायच्या, चपला घालून टीव्ही बघत बसायचं, म्हणजे किल्ल्या वाजल्या की संकट आलं हे तिच्या डोक्यातून जातं. मग दार लावून पाच सेकंदांत परत. मग वीस. मग दोन मिनिटं. ती रडायला लागायच्या आत परत यायचं, रडू लागली तर आपण घाई केली, मागच्या पायरीवर जायचं. अडीच आठवडे मी आणि मुलीने हे केलं, आणि तेवढे दिवस तिला एकटं ठेवलंच नाही. नवऱ्याने निम्मी रजा त्यात घालवली. निघताना दही माखलेली चाटायची रबरी चटई द्यायची, चाटण्याने कुत्री शांत होतात. पीनट बटर देणार असाल तर डबा वाचा, झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) असेल तर ते कुत्र्याला विष आहे.

ऑक्टोबरात फुकटची रिफिल पडूनच होती. मग आमच्या इलेक्ट्रिशियनदादांना बोलावलं. त्यांनी मशीन हातात घेऊन हलवलं आणि म्हणाले, "ताई, पिन बारीक आहे, सॉकेट धरतच नाहीये. डुलतंय बघा." जुन्या रेडिओंना असायचा तसा घट्ट टू-पिन सॉकेट त्यांनी छोट्या लाकडी पाटीवर बसवून, गुडघ्याएवढ्या उंचीवर, ठकीच्या कोपऱ्याशेजारी उभा करून दिला. सॉकेट 35 रुपये, मजुरी 150. मशीन त्यात बसलं ते बसलं. बाटली सरळ, आणि महिन्याच्या शेवटी तेल बरोबर तळाला. तेव्हा मला कळलं की जुलै-ऑगस्टमध्ये महिना संपला तरी बाटली पाव भरलेली का असायची. म्हणजे तेव्हा ते मशीन नीट चाललंच नव्हतं, बराच वेळ नुसता दिवा लागत होता.

या वेळी रडणं 8 वरून 4 मिनिटांवर आलं. पण मला मिनिटांपेक्षा दुसरी गोष्ट मोठी वाटते. आधी ती रडणं थांबवून दारापाशीच बसून राहायची, कान दाराकडे. आता ती उठून आपल्या कोपऱ्यात जाते आणि झोपते. लिफ्टचा आवाज आला तरी डोकं वर करून परत ठेवते. दिवाळीत फटाक्यांच्या तीन रात्री तिने त्याच कोपऱ्यात काढल्या. डॉक्टरांनी वजन बघून एक गोळीही दिली होती, खिडक्या बंद, पंखा मोठा, त्यामुळे सगळं श्रेय मशीनला देणार नाही. डॉक्टर स्वतः म्हणाले की या फेरोमोनांवर अभ्यास झालेत, पण पुरावा भक्कम नाही. कुणाला उपयोग होतो, कुणाला नाही. सरावाचा परिणाम हळूहळू वाढत गेला असेल असंही म्हणता येईल. तरी माझ्या वहीत ऑक्टोबर महिना वेगळा दिसतो.

आतापर्यंत मशीन आणि तीन विकतच्या रिफिली मिळून 8,600 रुपये गेले. मॅट 2,100. पातळ आणि सराव फुकट. आज परत सुरुवात करायची असती तर मी आधी मॅट आणल्या असत्या, अंथरूण सांभाळून ठेवलं असतं, वास्तुशांत महिनाभर पुढे ढकलली असती किंवा त्या दिवशी ठकीला सासूबाईंकडे ठेवलं असतं, आणि सरावासाठी रजा आधीच काढली असती. एवढं करूनही कुत्रं जेवत नसेल, स्वतःला जखमा करून घेत असेल, तर डॉक्टरांकडे औषधाचं बोला. रोजच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला चार-सहा आठवडे लागतात, म्हणून उशीर करू नका. आपल्या घरातली झोपेची गोळी मात्र कधीही देऊ नका.

मशीन घ्यायचंच असेल तर आलेल्या दिवशी पहिलं काम : सॉकेटात लावा, बोटाने खाली दाबून बघा. डुललं तर इलेक्ट्रिशियन येईपर्यंत रिफिलची बाटली उघडू नका. आमची शेवटची रिफिल गेल्या आठवड्यात संपली, पुढची मागवलेली नाही. मशीन काढून आठ दिवस झाले. काल 5 मिनिटं, आज 4. आत्ता साडेअकराला कॅमेरा उघडला तर ठकी मॅटवर कुशीवर झोपली आहे, तोंड पातळात.