किल्ली त्याच्याकडे होती, घर त्याचे नव्हते

गेल्या आठवड्यात घरभाड्याच्या जाहिराती चाळताना मला पणजीजवळच्या पर्वरीतल्या त्या फ्लॅटची छायाचित्रे पुन्हा दिसली. पिवळे पडदे, खिडकीजवळची वेताची खुर्ची आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावरची, जळकी कड असलेली निळी टाइल, सगळे तेच होते. जाहिरात देणाऱ्याचे नाव मात्र वेगळे होते, फोन क्रमांक वेगळा होता आणि भाडे पंधराशेंनी वाढले होते. त्या जाहिरातीविरुद्ध मी तक्रार नोंदवली आणि पोलिसांनाही कळवले. तरीही, आतापर्यंत संकोचामुळे फक्त घरच्यांना आणि दोन मैत्रिणींना सांगितलेली, त्या फ्लॅटच्या नावाखाली झालेल्या माझ्या फसवणुकीची ही हकीकत आता सविस्तर लिहावी, असे त्या पडद्यांकडे पाहताना ठरले.

मी गोव्यातल्या साखळी या गावाजवळच्या एका खेड्यातली. पणजीत पाटो भागातल्या एका कार्यालयात हिशेबाचे काम करते. चार वर्षे मी रोज बसने ये-जा केली. संध्याकाळी काम लांबले की बस चुकायची, आणि वडील स्कूटर घेऊन साखळीच्या बसस्थानकावर ताटकळत उभे राहायचे. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, चतुर्थीचे दिवस संपल्यावर मी घरी सांगितले की मला पणजीच्या आसपास स्वतंत्र राहायचे आहे. आमच्याकडे मुलगी लग्नाआधी घराबाहेर पडते ती शिक्षणासाठी, वसतिगृहात. नोकरी घरापासून दीड तासावर असताना वेगळे बिऱ्हाड कशाला, हा आईचा प्रश्न होता. वडील एवढेच म्हणाले, "घर बघशील तेव्हा मला ने, कागद मी बघतो." मी त्यांना नेले नाही. हे घर माझे मी शोधले, माझे मी ठरवले, असे मला दाखवायचे होते. पुढे जे झाले त्यात फसवणाऱ्याचे कसब जेवढे होते, तेवढीच ही माझी हौसही होती.

जाहिरातीतल्या क्रमांकावर फोन केला, तेव्हा पलीकडून शुद्ध, मऊ मराठी ऐकू आली. पणजीच्या आसपास घर शोधताना बहुतेक दलालांशी हिंदीत बोलावे लागते, त्यामुळे त्या मराठीनेच मी निम्मी विरघळले. गृहस्थ चाळिशीचे वाटत होते. आपण मूळ सावंतवाडीकडचे, फ्लॅट स्वतःचा, पत्नी दुबईला नोकरीला, आपणही लवकरच तिकडे जाणार, म्हणून घर सांभाळणारे चांगले माणूस हवे आहे, असे त्यांनी सांगितले. मग गाव विचारले, आडनाव विचारले आणि गोव्यात ओळख पटवायला कोणीही विचारतो तो प्रश्न विचारला, "तुमची कुलदेवता कोणती?" मी सांगताच ते म्हणाले, "अरे, मग आपण एकाच देवीचे!" त्यानंतर त्यांच्याकडे मालकीचे कागद मागणे मला जवळजवळ उद्धटपणाचे वाटू लागले.

घर न पाहता पैसे देऊ नयेत, हे सगळेच सांगतात आणि मीही ते पाळले. मी फ्लॅट दोनदा पाहिला, गुरुवारी एकटीने आणि शनिवारी एका मैत्रिणीसोबत. दोन्ही वेळा त्यांनी खिशातून किल्ली काढली, दार उघडले, पंखे लावून दाखवले, नळ सोडून दाखवले, गॅलरीत कपडे वाळवायची जागा दाखवली. इमारतीच्या वॉचमनने त्यांना सलाम केला. ज्याच्या हातात किल्ली आहे, ज्याला वॉचमन ओळखतो आणि ज्याला मुख्य बटण कोणत्या कोपऱ्यात आहे हे माहीत आहे, तो मालक नसेल अशी शंका कोणाला येईल?

प्रत्यक्षात त्यांनी तो फ्लॅट बुधवारपासून सोमवारपर्यंत पर्यटक म्हणून घेतला होता. गोव्यात सुट्टीसाठी रोजच्या दराने दिले जाणारे फ्लॅट आता गल्लोगल्ली आहेत. मालक अनेकदा मुंबई-पुण्याला किंवा परदेशात असतो, आरक्षण मोबाइलवर होते आणि किल्ली दाराच्या ग्रिलला अडकवलेल्या, आकड्यांच्या कुलुपाच्या छोट्या पेटीतून घेता येते, त्यामुळे पाहुण्याचे तोंड पाहायला तिथे कोणीही नसते. सप्टेंबरात पाऊस पुरता सरलेला नसतो, मोसम सुरू झालेला नसतो आणि दर उतरलेले असतात. त्या फ्लॅटची देखभाल करणाऱ्या माणसाने नंतर सांगितले की तेव्हाचा दर रात्रीला सुमारे दोन हजार होता. म्हणजे साधारण दहा हजार रुपयांच्या भांडवलावर पाच दिवस 'मालक' होता येत होते.

आज आठवते, खुणा सगळ्या डोळ्यांसमोर होत्या. ग्रिलला ती आकड्यांची पेटी लटकत होती, आणि मी विचारल्यावर "कामवालीसाठी ठेवली आहे" असे उत्तर मिळाले. पलंगावर दोन पांढरे टॉवेल घडी करून ठेवलेले होते. न्हाणीघरात शाम्पूच्या पुड्या होत्या. फ्रिजमध्ये पाण्याच्या दोन बाटल्यांशिवाय काही नव्हते. कित्येक वर्षे राहत्या म्हणून सांगितलेल्या त्या स्वयंपाकघरात मिठाची बरणीसुद्धा नव्हती, आणि हे मला, जिच्या घरी आमसुले आणि कुळथाचे पीठ नसलेला एक दिवस गेलेला नाही, खटकायला हवे होते. दाराच्या आतल्या बाजूला भिंतीवर चिकटपट्टीचे चार ताजे डाग चौकोनात उमटलेले होते. तिथे पाहुण्यांसाठी सूचनांचा आणि वायफायच्या पासवर्डाचा कागद लावलेला असे, हे पुढे कळले. माझ्या मैत्रिणीने ते डाग पाहिले होते. तिला वाटले, कॅलेंडर असेल.

सर्वांत बेमालूम होती ती पैशांची वेळ. पितृपक्ष चालू होता. आमच्याकडे म्हाळयाच्या दिवसांत नवी वस्तू घेत नाहीत, नवा व्यवहार करत नाहीत. मी टोकन द्यायला तयार होते, तर त्यांनीच थांबवले. "आत्ता एक रुपयाही नको. पक्ष संपू दे. सोमवारी घटस्थापना आहे, तेव्हा द्या आणि दसऱ्याला कलश घेऊन आत या." आलेले पैसे नाकारणारा माणूस लबाड असेल, हे मनात येणेच कठीण होते. आईला हे फोनवर सांगितले, तेव्हा पहिल्यांदाच तिच्या आवाजात पसंती ऐकू आली. घटस्थापना होती २२ सप्टेंबरला आणि दसरा २ ऑक्टोबरला. या श्रद्धाळूपणाच्या आडून त्यांनी माझ्याकडून आणि माझ्यासारख्याच फसलेल्या इतरांकडून एकाच दिवशी पैसे घेतले आणि पळून जायला दहा दिवस मिळवले.

भाडे महिना १७,००० आणि अनामत दोन महिन्यांची, म्हणजे एकूण ५१,०००. आकडाही शुभच! सोमवारी सकाळी मी मोबाइलवरून पैसे पाठवायला घेतले, तेव्हा पडद्यावर त्यांच्याऐवजी भलतेच नाव आले. मी फोन केला. "माझे खाते एनआरआय करायला दिले आहे, ते मेहुण्याचे आहे," असे तयार उत्तर आले आणि मी पिन दाबला. या साऱ्या प्रकरणात थांबण्याची शेवटची जागा ती होती. माझे रोजचे कामच पावतीवरचे नाव आणि खात्यावरचे नाव जुळते का हे पाहण्याचे आहे, आणि नेमके स्वतःच्या पैशांच्या वेळी मी ते पाहूनही सोडून दिले.

कागद म्हणून त्यांनी तीन गोष्टी मोबाइलवर पाठवल्या होत्या: वीजबिल, खरेदीखताचे पहिले पान आणि अकरा महिन्यांचा करार. बिलावरचे नाव बदललेले होते. बिलावरचा ग्राहक क्रमांक पैसे भरण्याच्या कोणत्याही ॲपमध्ये वीजबिलाच्या पर्यायात घातला, तर बहुधा खऱ्या ग्राहकाचे नाव, निदान त्याची काही अक्षरे, दिसतात. ही दोन मिनिटांची तपासणी मी पुढे केली, तेव्हा तिचा उपयोग फक्त तक्रारीत लिहिण्यापुरता उरला होता. खरेदीखतावर एकच नाव होते. गोव्याच्या नागरी कायद्यानुसार लग्नानंतरच्या मालमत्तेत सर्वसाधारणपणे पती-पत्नी दोघांचा वाटा धरला जातो, त्यामुळे विवाहितांच्या व्यवहारात दोघांची नावे असणे ही आमच्याकडची रोजची गोष्ट आहे. दुबईच्या पत्नीचा उल्लेख दर वाक्यात आणि कागदावर तिचा पत्ता नाही, हे वडिलांनी नंतर एका नजरेत ओळखले.

कराराबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण पुष्कळांचा भरवसा त्यावर असतो. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून अकरा महिन्यांच्या कराराची पद्धत पडली आहे. महाराष्ट्रात असा करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदवणे सक्तीचे आहे, पण तो तिथला कायदा आहे, आणि कोल्हापूरच्या मावशीने फोनवर विचारलेला "नोंदणी झाली का?" हा प्रश्न मी "आमच्याकडे लागत नाही" म्हणून उडवून लावला होता. नोटरीचा शिक्का मारून प्रत दसऱ्याला देतो, असे त्यांनी सांगितले होते. तो शिक्का असता तरी फरक पडला नसता. नोटरी सही करणाऱ्याची ओळख पाहतो, घर कोणाचे आहे हे शोधणे त्याचे काम नव्हे.

दसऱ्याच्या सकाळी आम्ही साखळीहून टेम्पो काढला. गादी, लोखंडी कपाट, मिक्सर, आईने बांधून दिलेले डबे आणि समोर मांडीवर कलश घेऊन बसलेली आई. वडील स्कूटरवरून मागे. पर्वरीला उड्डाणपुलाच्या कामामुळे वाहने खोळंबली होती, तिथे मी फोन लावला. तो बंद होता. सणाचा दिवस आहे, पूजेत असतील, असे मीच आईला सांगितले. फ्लॅटचे दार अर्ध्या चड्डीतल्या एका पाहुण्याने उघडले. ते कुटुंब हैदराबादहून तीन दिवसांसाठी आले होते. त्यांना वाटले, खोल्या साफ करायला कोणी आले आहे. मी करार दाखवत होते, तो बिचारा आपले आरक्षण दाखवत होता. एवढ्यात खाली दुसरा टेम्पो येऊन थांबला. त्यातून एक परिचारिका आणि तिचा भाऊ उतरले, आणि तिच्या हातातही नारळ होता. दुपारपर्यंत आम्ही चौघे झालो. चौघांचा करार शब्दशः एक, चौघांना एकच मुहूर्त आणि चौघांची कुलदेवता त्यांची कुलदेवता.

वॉचमनला विचारले, तर तो म्हणाला, "इथे रोज नवी माणसे येतात, मी सगळ्यांनाच सलाम करतो." त्याला बोल लावण्यात अर्थ नव्हता. त्याच मजल्यावर एक कुटुंब कायमचे राहत होते. दोनदा घर पाहायला गेले तेव्हा त्या दाराची घंटा मी एकदा वाजवली असती, तर ५१,००० रुपये वाचले असते.

पोलीस ठाण्यात आम्ही एकत्रच गेलो. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी कलम ३१८ आणि तोतयेगिरी करून केलेल्या फसवणुकीसाठी ३१९ आहे, हे तिथे कळले. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार केली, तर रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते, पण त्यासाठी तासांचा हिशेब असतो आणि आमचे दहा दिवस उलटून गेले होते. खात्यात ३,२०० रुपये उरले होते, ते रोखून धरले गेले. ते खाते ज्याचे होते, त्याने ते कोणाला तरी पैशांच्या बदल्यात वापरायला दिले होते. म्हणजे खातेही भाड्याचेच. तपास अजून चालू आहे आणि मला पैसे मिळालेले नाहीत.

त्या संध्याकाळी टेम्पो भरलेलाच घरी परतला. वडिलांनी टेम्पोवाल्याला दोन्ही फेऱ्यांचे पैसे दिले, कपाट उतरवून जागेवर लावले आणि मला काहीही विचारले नाही. आईने तो कलश देवासमोर ठेवला. सोने म्हणून आपट्याची पाने वाटायची राहून गेली होती, ती रात्री वाटली.

डिसेंबरात मी पणजीजवळच्या मेरशीत एक खोली घेतली. या वेळी वडील सोबत होते. घरमालकीण सत्तरीची, एकटी. वडिलांनी घरपट्टीची पावती मागितली, तर ती तिच्या वारलेल्या पतीच्या नावावर होती, आणि मी पुन्हा धास्तावले. गोव्यात वाटण्या वर्षानुवर्षे रखडतात आणि पावत्या मृतांच्याच नावाने फाटत राहतात, त्यामुळे नाव न जुळणे हा दर वेळी लबाडीचा पुरावा नसतो, असे वडील म्हणाले. मग ते शेजारच्या घरी गेले आणि विचारले, हे घर कोणाचे? शेजारीणबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळले. "त्या घरात ती नवरी होऊन आली, तेव्हा मी पंगतीत जेवले आहे," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही कोण?" पोलीस पडताळणीचा अर्ज घरमालकिणीने स्वतःच पुढे केला. भाडे ९,००० आणि अनामत एका महिन्याची ठरली. कुलूप माझ्या हाताने उघडून गादी आत टाकल्यावरच मी पैसे पाठवले, आणि पडद्यावर आलेले नाव तिला मोठ्याने वाचून दाखवले.