फ्लडवॉच इंडिया ॲप: कृष्णाकाठावर कितपत कामाचं?

कृष्णा पात्राबाहेर पडली की सांगली-शिरोळमध्ये दोनच आकड्यांची विचारपूस चालते: सांगलीच्या आयर्विन पुलाला पाणी किती आणि नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या अलमट्टी धरणातून सोडलंय किती. दुसरा आकडा कर्नाटकातला, म्हणून अफवाही त्याच्याच जास्त. दोन्ही राज्यांचे अभियंते पावसाळ्यात एकमेकांना आकडे कळवतात, २०१९ च्या महापुरानंतर मंत्र्यांच्या बैठकाही झाल्या, पण काठावरच्या माणसाला ते फॉरवर्डमधूनच कळायचं. केंद्रीय जल आयोगाचं हे मोफत ॲप इथे उपयोगी पडतं. ऑगस्ट २०२३ मध्ये आलं, पुढच्या वर्षीच्या सुधारित आवृत्तीत ५९२ पूर-केंद्रं आणि १५० मोठी धरणं आली. सीमेच्या अलीकडचं आणि पलीकडचं पाणी एकाच नकाशावर दिसतं, हा त्याचा मोठा गुण.

पहिली अडचण मापाची. ॲपमधली पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये, आपली पुलावरची पट्टी फुटांत, आणि दोन्हींचं शून्य वेगळं. त्यामुळे पाचशेच्या घरातला आकडा पाहून गोंधळायला होतं. थेट रूपांतर करत बसू नका. त्याच केंद्राच्या धोका पातळीतून आताची पातळी वजा करा आणि उत्तराला ३.२८ ने गुणा. फरक ०.६० मीटर असेल तर धोक्याला साधारण दोन फूट उरले. मात्र कुरुंदवाडचा फरक सांगलीला लावू नका. मधे नृसिंहवाडीला पंचगंगा मिळते.

दुसरी गफलत रंगांची, आणि ती जास्त महागात पडू शकते. हवामान खात्याच्या ऑरेंज अलर्टची सवय असल्याने नारिंगी म्हणजे ‘सावध राहा’ असं वाटतं. इथे पिवळा म्हणजे इशारा पातळी ओलांडली, नारिंगी म्हणजे धोका पातळीही ओलांडली, आणि लाल म्हणजे आजवरचा उच्चांक मोडला. आयर्विनला इशारा ४० फुटांवर, धोका ४५ वर. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. म्हणजे एकाच नारिंगी रंगात डझनभर फूट पाणी मावतं. लाल होण्याची वाट पाहिली तर जनावरं हलवायची वेळ केव्हाच निघून गेलेली असेल.

अलमट्टी पाहताना नुसता विसर्ग पाहू नका. आवक, विसर्ग, पातळी हे तिन्ही सोबत वाचा. प्रवाह क्युमेकमध्ये (सेकंदाला घनमीटर) दिसला तर ३५.३ ने गुणून क्युसेक (सेकंदाला घनफूट) काढा: ७,००० क्युमेक म्हणजे सुमारे २ लाख ४७ हजार क्युसेक. त्याला ११,५७४ ने भागलं की दिवसाचे टीएमसी (अब्ज घनफूट), इथे एकवीसहून थोडे जास्त. पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटर, साठा १२३ टीएमसी. पातळी त्याच्या जवळ आणि आवक विसर्गापेक्षा जास्त असेल, तर काळजीचं. पातळी खाली असेल तर तीच आवक धरण पोटात घेतं. सांगलीच्या पुराला अलमट्टीचा फुगवटा (धरणामुळे मागे तुंबणारं पाणी) कारण नाही, असं २०१९ च्या पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीने म्हटलं; काठावर ते सगळ्यांना पटलेलं नाही. ॲप त्या वादाचा निकाल लावत नाही, आणि त्याच्याकडून ती अपेक्षाही नको.

मजकूर आणि आवाजी सूचना हिंदी-इंग्रजीत. मराठी नाही, कन्नडही नाही. कृष्णेच्या दोन्ही काठांसाठी ही उणीव ठसठशीत आहे. सात दिवसांचा अंदाज ढोबळ समजावा, घर रिकामं करायचा निर्णय २४ तासांच्या अंदाजावर आणि प्रशासनाच्या सूचनेवर घ्यावा. कोल्हापूरकरांनी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी (इशारा ३९ फूट, धोका ४३) आणि राधानगरी धरणाच्या उघडलेल्या स्वयंचलित दरवाजांची संख्या जिल्हा प्रशासनाच्या पत्रकातच पाहावी. सात दरवाजे आहेत, एक उघडला की १,४२८ क्युसेक वाढले.

पाचपैकी साडेतीन. पावसाळ्याआधी उतरवून घ्या आणि आपल्या केंद्राची धोका पातळी कागदावर लिहून भिंतीला लावा. पुरात वीज आणि रेंज दोन्ही जातात.