‘पीटर ग्राइम्स’: पिअर्स यांच्या आवाजातील १९५८ चे ध्वनिमुद्रण

हाताखालच्या पोऱ्याच्या मृत्यूमुळे गावाच्या संशयाला पात्र झालेल्या एका कोळ्याची गोष्ट सांगणारा, इंग्लिश संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांचा ‘पीटर ग्राइम्स’ हा ऑपेरा ७ जून १९४५ रोजी लंडनच्या सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात प्रथम सादर झाला, तेव्हा शीर्षक भूमिका गाणारे टेनर (उंच पट्टीचे पुरुष गायक) पीटर पिअर्स पस्तिशीच्या उंबरठ्यावर होते. डेक्का कंपनीने संपूर्ण ऑपेरा ध्वनिमुद्रित केला तो मात्र तेरा वर्षांनी, १९५८ च्या डिसेंबरात, खुद्द ब्रिटन यांच्या संचालनाखाली आणि लंडनमधील कॉव्हेंट गार्डन ऑपेरागृहाच्या वाद्यवृंदासह.

पिअर्स यांचा आवाज रूढ अर्थाने गोड नव्हता. तो काहीसा कोरडा, किंचित अनुनासिक आणि इटालियन टेनरांकडून अपेक्षित असलेल्या झळाळीपासून दूरच होता. परंतु ही भूमिकाच मुळी त्या आवाजासाठी बेतलेली असल्याने येथे त्याचे उणेपण जाणवत नाही. पहिल्या अंकात वादळी रात्री गुत्त्यात शिरलेला ग्राइम्स सप्तर्षी आणि कृत्तिकांविषयी गाऊ लागतो, तेव्हा ती चाल बराच वेळ ‘ई’ या एकाच स्वरावर खिळून राहते. पिअर्स यांच्या आवाजाचे सारे मर्म या स्वराच्या आसपास होते, हे ब्रिटन पुरते ओळखून होते. जोर न लावता, जवळजवळ स्वतःशीच बोलल्यासारखा हा स्वर पिअर्स ज्या दमसासाने धरून ठेवतात, त्यावरून गावकरी या कोळ्याला वेडा का समजतात आणि श्रोत्याला त्याची कणव का येते, हे दोन्ही एकदम उमगते.

शब्दोच्चार हे त्यांचे दुसरे बळ. पोऱ्याच्या मृत्यूच्या प्रारंभीच्या चौकशीच्या प्रवेशात वकील स्वॉलो घाईघाईने शपथ वाचून दाखवतो, आणि ग्राइम्स तेच शब्द तंतुवाद्यांच्या संथ साथीवर उच्चारतो; पात्राचा एकाकीपणा येथेच सिद्ध होतो. स्वॉलोच्या भूमिकेतील ओवेन ब्रॅनिगन १९४५ च्या प्रयोगातही होते. ग्राइम्सची बाजू घेणाऱ्या शिक्षिका एलनच्या भूमिकेत क्लेअर वॉटसन यांचे गाणे नेटके आहे, त्याहून अधिक काही म्हणवत नाही.

उणीव सांगायचीच तर ती झोपडीतील प्रवेशाची. नव्या पोऱ्यावर खेकसणारा, हात उगारणारा ग्राइम्स पिअर्स यांच्या गळ्यातून पुरेसा धोकादायक वाटत नाही. कॅनडाचे टेनर जॉन व्हिकर्स यांनी कॉलिन डेव्हिस यांच्या संचालनाखाली १९७८ मध्ये केलेल्या ध्वनिमुद्रणात ती दहशत अंगावर येते. परंतु शेवटच्या अंकात, धुक्यातून येणारा भोंगा आणि दुरून हाका मारणारा जमाव एवढ्याच सोबतीवर ग्राइम्सचे भान सुटत जाते, तेथे व्हिकर्सदेखील मागे पडतात असे माझे मत आहे.

सुरुवातीच्या काळातील स्टिरिओ असूनही ध्वनीची खोली आजही चकित करते. हा जमाव खरोखर लांबून जवळ येत असल्याचा भास होतो, त्यामुळे ऐकताना चांगले हेडफोन जरूर वापरावेत. संहिता समोर नसेल तर समूहगायनाचे शब्द निसटतात, म्हणून पुस्तिकेसह मिळणारा सीडी संच घेणे श्रेयस्कर. हा आवाज ज्यांना भावेल, त्यांनी पिअर्स यांनी साठी ओलांडल्यावर गायिलेली, ब्रिटन यांच्याच ‘डेथ इन व्हेनिस’ या ऑपेरातील आशेनबाखची भूमिकाही मिळवून ऐकावी, १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात त्यांचे पदार्पण याच भूमिकेतून झाले होते.